अजयला सांगा, पैसे भरू नकोस

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला अजयचा ई-मेल वाचला. ‘आपला शोधनिबंध आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये घेण्यास आम्ही उत्सुक आहोत, सात दिवसांत प्रकाशन, शुल्क साडेतीन हजार, प्रमाणपत्र मोफत.’ मावशीचे तुम्हाला फोनवर फोन चाललेत म्हणजे घाई दिसते. एका ओळीत उत्तर द्यायचं तर ‘नको’. पण नुसतं नको म्हटलं तर मावशीला वाटायचं, स्वतःचं छापून येतं म्हणून ही दुसऱ्याच्या वाटेत आडवी येते. शिवाय आईनं मागे विचारलं होतं, रात्री अकरा वाजता दुसऱ्यांचे पेपर तपासत बसतेस त्याचे किती मिळतात? काही नाही गं. लष्कराच्या भाकऱ्या म्हणालीस, ते अगदी बरोबर. फक्त हे लष्कर त्या भाकऱ्यांवरच चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या जर्नलकडे पेपर आला की आधी संपादकांपैकी कोणीतरी एक तो वाचतो. विषय आमचा नाही, नवीन काही नाही, दुसरीकडून उचललेला आहे, असं दिसलं तर तो तिथूनच परत जातो. उरलेल्यांसाठी त्या विषयातले दोन-तीन जाणकार शोधायचे. हे सगळ्यांत कटकटीचं काम. लोक कामात असतात, कोणी उत्तरच देत नाही, कोणी लेखकाचा जुना विद्यार्थी निघतो म्हणून त्याला घेता येत नाही. जे हो म्हणतात ते आपला वेळ घालवून फुकट वाचतात, आणि लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत. मग प्रश्नांची यादी लेखकाकडे जाते, तो पुन्हा प्रयोग करतो किंवा चिडतो, बहुधा दोन्ही. यात महिने जातात. सात दिवसांत हे उरकतो म्हणणारा माणूस यातलं काहीच करत नाही, एवढं मावशीला पटलं तरी पुष्कळ झालं.

लेखकाच्या चिडण्यावरून आइनस्टाइनची गोष्ट आठवली. १९३६ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ या जर्नलकडे एक पेपर पाठवला. निष्कर्ष असा, की गुरुत्वीय लहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे अवकाशात पसरणारे तरंग, नसतातच. संपादक होते जॉन टेट. पाठवणारा आइनस्टाइन म्हटल्यावर कोणीही डोळे मिटून छापलं असतं. टेटनी तो एका तज्ज्ञाकडे पाठवला आणि त्याच्याकडून आलेला दहा पानांचा अभिप्राय आइनस्टाइनना धाडला. आइनस्टाइन भडकले. जर्मनीत त्यांना या पद्धतीची सवय नव्हती. त्यांनी कळवलं, हस्तलिखित आम्ही छापायला दिलं होतं, छापण्याआधी ते तज्ज्ञांना दाखवायची परवानगी तुम्हाला दिली नव्हती. पेपर परत घेतला आणि नंतर प्रत्युत्तराचं एक टिपण सोडलं तर त्या जर्नलला पुन्हा काही दिलं नाही. गंमत पुढे आहे. दुसऱ्या जर्नलमध्ये तो छापून यायच्या आधी त्यांना चूक उमगली, आणि १९३७ साली पेपर आला तो निष्कर्ष बदलूनच. तो तज्ज्ञ म्हणजे हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, हे जगाला कळलं २००५ साली, जवळजवळ सत्तर वर्षांनी! आणि त्या लहरी प्रत्यक्ष टिपल्याची बातमी देणारा पेपर २०१६ च्या फेब्रुवारीत आला तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये, म्हणजे त्याच घराण्यात. बाबा, तुम्ही औंढ्या नागनाथाला गेला होतात ना, त्याच तालुक्यात अशा लहरी टिपणारी लायगोची भारतातली वेधशाळा व्हायची आहे.

टेटनी जे केलं ते दुसऱ्या संपादकांना करायला शंभर कारणं आडवी येतात. मोठं नाव नाराज होईल, दुसरं जर्नल तो पेपर पटकन घेईल. तरीही ते केलं जातं की नाही, यावर संशोधक मनातल्या मनात जर्नलची किंमत ठरवतात. आमच्या चहाच्या टेबलावर ‘ते जर्नल काहीही घेतं’ एवढं एक वाक्य फिरलं की ते जर्नल संपलं, मग मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असू दे.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रेफरीनं, म्हणजे त्या तपासणाऱ्या जाणकारानं, पाहिला म्हणजे पेपर खराच. बाबा, बँकेत पीककर्जाचा अर्ज आला की तुम्ही सातबारा बघायचात, आणि शंका आली तर मोटारसायकल काढून शेतावर जायचात. रेफरी फक्त सातबारा बघतो. शेतावर जायची त्याला सोय नसते. आकडे, आलेख, पद्धत एकमेकांशी जुळतात का, एवढंच तो सांगू शकतो. मुळात मोजमापच झालेलं नसेल तर तो फसतो.

कोविडच्या वेळी असंच झालं. १८२३ पासून निघणाऱ्या ‘द लॅन्सेट’मध्ये २०२० च्या २२ मे रोजी पेपर आला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त दिसतात म्हणून. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या औषधाची चाचणीच थांबवली. पण वाचणारे गप्प बसले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा आकडा सरकारी आकड्याशी जुळेना. शंभरावर संशोधकांनी जाहीर पत्र लिहून विचारलं, ही रुग्णालयं कुठली? सगळी माहिती एका छोट्या कंपनीच्या ताब्यात होती आणि ती कंपनी तपासणीसाठी ती द्यायला तयार नव्हती. खुद्द बाकीच्या लेखकांनाही ती पूर्ण मिळाली नाही. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या माहितीवरचा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला पेपरही त्याच दिवशी गेला. तेरा दिवसांत निकाल.

याच लॅन्सेटनं १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्डचा पेपर छापला होता. बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा. २००४ साली ब्रायन डीअर या पत्रकारानं त्यातले हितसंबंध उघडे केले, लेखकांपैकी दहा जणांनी त्या अर्थापासून अंग काढून घेतलं, तरी पूर्ण पेपर मागे घेतला गेला २०१० च्या फेब्रुवारीत. बारा वर्षं! तोवर ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्यांचं प्रमाण घसरलं आणि गोवर परत आला. खोटं छापलं जाणं मी समजू शकते, माझ्या हातूनही जाऊ शकतं. शंका समोर असताना सहा वर्षं बसून राहणं मला समजत नाही. लोकांना वाटतं पेपर मागे घेणारं जर्नल वाईट. मी उलट धरते. वर्षानुवर्षं हजारो पेपर छापून एकही मागे न घेणाऱ्या जर्नलमध्ये कोणी मागे वळून बघतच नाही, असं मला वाटतं.

आई, तुला पटेल असं एक उदाहरण देते, कारण ते चिकाटीचं आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’मध्ये माइक रॉसनर नावाचे व्यवस्थापकीय संपादक होते. पेशींचे आणि प्रथिनांच्या पट्ट्यांचे फोटो संगणकावर नीट करून घेताना त्यांना त्यात छेडछाड दिसली. नको असलेली पट्टी पुसलेली, एखादी दुसरीकडून आणून चिकटवलेली. २००२ पासून त्यांनी ठरवलं, स्वीकारलेल्या प्रत्येक पेपरातला प्रत्येक फोटो छापण्याआधी तपासायचा. शंभरातल्या साधारण एका पेपरचा स्वीकार रद्द करावा लागला. मग २०१६ साली एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी चाळीस जर्नल्समधले २०,६२१ पेपर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. हो, डोळ्यांनीच. त्यातल्या ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद पुनरावृत्ती झालेले फोटो सापडले. आणि रॉसनरांच्या जर्नलमध्ये? ०.३ टक्के. रोज कोणीतरी बसून कंटाळवाणं काम केलं की एवढा फरक पडतो. मला सगळ्या आकडेवारीत हा आकडा सर्वांत आवडतो.

दुर्दैवानं जग दुसराच आकडा विचारतं. इम्पॅक्ट फॅक्टर. अजयच्या कॉलेजात सगळे याच्याच मागे असतील. गेल्या दोन वर्षांतल्या पेपरांचा यंदा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, त्याला पेपरांच्या संख्येनं भागायचं. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली, पुढे तिचा उपयोग कोणती जर्नल्स सूचीत घ्यावीत, ग्रंथालयांनी कोणती मागवावीत हे ठरवायला झाला. तिथवर ठीक. पण स्फटिकशास्त्राच्या ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ जर्नलच्या ‘अ’ विभागाचं बघा. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास असायचा, २००९ साली एकदम ४९.९ झाला. संपादक, रेफरी, पद्धत, सगळं तेच होतं. फक्त जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ साली आपल्या एका संगणक-प्रणालीवर लेख लिहिला होता. रेणूंची रचना काढणारा जो तो ती वापरतो, म्हणून जो तो त्या लेखाचा उल्लेख करायला लागला. एका लेखानं जर्नल पंचवीसपट ‘मोठं’ झालं. बढती देणाऱ्या समितीत बसणाऱ्या लोकांना हे ठाऊक नसतं असं नाही. वाचायला वेळ लागतो आणि बेरीज करायला लागत नाही, म्हणून चालतं.

आपल्याकडे हे दुखणं जास्त बळावलं, कारण प्राध्यापकांच्या बढतीत छापलेल्या पेपरांचे गुण मोजले जाऊ लागले. गुण हवेत म्हटल्यावर गुण विकणारे आलेच. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मान्य जर्नल्सची यादी केली, तर तिच्यातही ते घुसले. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली १,००९ जर्नल्स तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. पत्ता नाही, संपादकांची खोटी माहिती, असले प्रकार. हे सगळं २०१८ च्या मार्चमध्ये इथे बंगळुरूतूनच निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं आणि मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग २०१९ साली केअर नावाची नवी यादी आली, पुणे विद्यापीठातच तिचं काम चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली आणि निवड विद्यापीठांवर सोडली. यादीवर विसंबायचे दिवस गेले, हे मला तरी बरं वाटतं. अजयच्या विभागप्रमुखांना वाटत नसणार.

अशा जर्नल्सची परीक्षा एकदा जॉन बोहॅनन या पत्रकारानं घेतली होती. दगडफुलाच्या एका जातीतल्या रेणूनं कर्करोगाच्या पेशी मरतात, असा बनावट पेपर, त्यात शाळकरी मुलालाही दिसाव्यात अशा चुका मुद्दाम पेरलेल्या, लेखक आणि संस्था काल्पनिक. खुल्या प्रवेशाच्या, म्हणजे वाचकाला फुकट आणि शुल्क लेखकाकडून घेणाऱ्या, ३०४ जर्नल्सकडे तो पाठवला. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये निकाल आला तोवर १५७ जणांनी तो स्वीकारला होता आणि ९८ जणांनी नाकारला होता. लेखकाकडून पैसे घेणारं सगळंच खोटं, असं मात्र मावशीला सांगू नका. पैसे घेणारं ‘प्लॉस वन’ त्या नाकारणाऱ्यांत होतं, आणि त्यांनी तपासणीही कसून केली होती. पैसे घेता तर त्या बदल्यात नकार द्यायची तयारी आहे का, एवढंच बघायचं.

तर अजयला सांगा: आयएसएसएन क्रमांक आहे म्हणून भुलू नकोस, तो फक्त नोंदणीचा आकडा असतो, दर्जाचा नाही. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ मेल करून विचार, तुम्ही खरंच इथे आहात का? बऱ्याच जणांना आपलं नाव लावल्याचं ठाऊकच नसतं. आणि त्या जर्नलच्या मागच्या अंकातले दोन पेपर स्वतः वाच. त्याचं क्षारपड जमिनीवरचं काम मी पाहिलंय. कृष्णाकाठच्या विहिरींची इतक्या हंगामांची मोजमापं फारशी कोणाकडे नाहीत. एखाद्या मृदाशास्त्र परिषदेच्या जर्नलकडे पाठवण्याइतकं ते नक्की आहे. संख्याशास्त्र कच्चं आहे, इंग्रजी घाईचं आहे. दोन्ही दुरुस्त होईल. मूळ फाइल आणि सगळे कच्चे आकडे मला पाठव म्हणावं, एक्सेलमध्ये, फोटो काढून नको. रेफरी काय काय विचारतील ते मी आधीच विचारते. माझं नाव लेखकांत घालायचं नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

पैसे अजून गेले नसतील तर उत्तम. गेले असतील तर गेले, पण कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नकोस म्हणावं, आणि पेपर परत घेत असल्याचा मेल आजच टाकायला सांगा. कारण एकदा तिथे छापला की कुठलंही बरं जर्नल तो पुन्हा घेणार नाही आणि त्याच्या हंगामांची मेहनत तिथेच अडकेल. मावशीशी मी रविवारी बोलते.

आई, गुडघ्याच्या व्यायामाचा कागद सापडला का? नसेल तर डॉक्टरांकडून पुन्हा मागून घे, संकोच करू नकोस.

तुमची,
मुक्ता