हातात धरून ठेवलेल्या एका रोबद्दल आभार

ताई,

त्या दिवशी घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून मी कोड चढवायला पळालो. नीट आभार मानायचे राहिलेच, म्हणून हे पत्र.

ग्राहकवार बेरजेचा रिपोर्ट होता. ग्राहक बदलला की आधीच्याची बेरीज छापायची, म्हणजे पुढच्या रोमध्ये (टेबलमधल्या पुढच्या नोंदीत) कोण आहे ते आधी कळायला हवं. मी लूपच्या आतच आणखी एकदा रीड केलं. डेटारीडर, म्हणजे डेटाबेसमधून एकेक रो वाचून देणारा ऑब्जेक्ट, फक्त पुढे जातो. डोकावायला म्हणून वाचलेली रो परत मिळत नाही. एरर एकही नाही, बेरजा मात्र चुकलेल्या. दोन दिवस मी क्वेरीच, म्हणजे डेटाबेसकडे डेटा मागणारी आज्ञाच, उलटसुलट करत बसलो होतो.

तुम्ही क्वेरी पाहिलीही नाहीत. सहाच रो घेऊन प्रत्येकीचा क्रमांक छापायला लावलात. स्क्रीनवर आलं १, ३, ५. मला तेवढ्यानेच कळलं.

मग म्हणालात, “पुढे डोकावू नकोस, एक रो मागे राहा. वाचलेली हातात ठेव, पुढची वाच, मग हातातली छाप.” मी घाईने रीडरच व्हेरिएबलमध्ये ठेवला, पुढचं रीड होताच ‘हातातली’ रोही बदलली. रोमधल्या किमती (व्हॅल्यूज) स्वतःच्या ॲरेमध्ये कॉपी करायच्या, हे तेव्हा समजलं. आणि लूप संपल्यावर तुम्ही त्याच्या खालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलंत: “हातात अजून एक आहे ना?” ते विचारलं नसतंत, तर शेवटच्या ग्राहकाची बेरीज कधीच छापली गेली नसती.

एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून पुढच्या रोमधली किंमत देणारं लीड फंक्शन आहे, हेही तुम्हीच दाखवलंत. पण ते वापरताना कॉलम प्रायमरी कीचा (जो कधीच रिकामा नसतो) घ्यायला लावलात, कारण नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, असं आलं तर पुढे रो नाही की तिथली किंमतच नल आहे, हे एरवी ओळखता येत नाही. ही गोष्ट मला सुचली नसती, आणि सगळ्या रो लिस्टमध्ये भरून मोकळं व्हायचा मोह होताच. लाखभर रो असताना तो किती महाग पडला असता!

परवा एका यादीला पानं पाडायची होती. पानावर २० रो दाखवायच्या होत्या, मी २१ मागवल्या. एकविसावी आली तरच ‘पुढे’चं बटण दिसतं. हे मी कुणालाही न विचारता केलं, ताई. मनापासून आभार.