माती शिकवताना घाई नको

संपादक महोदय,

मी एका सामायिक मातीकामाच्या स्टुडिओत शिकवते, त्यावरून थोडं लिहायचं होतं. नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी चाकावर बसायचं असतं, व्हिडिओत तसंच दिसतं ना, पण मी आधी माती मळायला लावते, कारण आत गाठी नि बुडबुडे राहिले तर भांड्याची भिंत वर ओढताना हात अडखळतो आणि ते वाकडं जातं. मग सेंटरिंग, म्हणजे फिरत्या चाकावर मातीचा गोळा बरोबर मधोमध आणणं. त्यात नुसती ताकद लावून भागत नाही, कोपर मांडीला टेकवून हात स्थिर ठेवायचा असतो, हे अंगात मुरायला काहींना कितीतरी दिवस लागतात, लागू देत.

भट्टीत भांडं फुटलं की सगळे बुडबुड्यांना दोष देतात, खरं कारण बहुतेक वेळा ओलावा असतो. 100 अंश सेल्सिअसच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ होते, तिला पटकन बाहेर पडता आलं नाही की तुकडे, आणि भट्टी सगळ्यांची असल्याने शेजारच्याचंही काम जातं. म्हणून जाड वस्तू पूर्ण वाळल्याशिवाय मी आत ठेवत नाही, कोणी कितीही रुसलं तरी. तळ गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे.

आणि प्लीज, स्टुडिओत कोरडा झाडू मारू नका. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. ओल्या फडक्यानेच पुसा. स्टुडिओ चालवणाऱ्यांनी हे पहिल्याच तासाला सांगायला हवं, चाकाच्याही आधी.

- एक मातीकाम शिक्षिका