बातमीतला ‘वॉर्ड’ नेमका कोणता?

संपादक महोदय,

मुंबई महापालिकेच्या बातम्यांत ‘वॉर्ड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी छापला जातो. नगरसेवक निवडून येतो तो प्रभाग. असे २२७ प्रभाग असून त्यांना क्रमांक आहेत. रस्ता, नळ, कचरा, जन्मदाखला यांचा कारभार मात्र प्रशासकीय विभागातून चालतो. त्याला अक्षर असते आणि सहायक आयुक्त त्याचा प्रमुख असतो. प्रभागांच्या हद्दी पुनर्रचनेत हलतात, विभागाचे अक्षर सहसा तेच राहते. तक्रार-अर्जावर हे अक्षर नसले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

अक्षरे ए पासून टी पर्यंत आहेत, पण मधली आय, जे, ओ, क्यू नाहीत. काही अक्षरांचे दिशेनुसार भाग आहेत (पी/उत्तर, पी/दक्षिण असे), म्हणून अनेक वर्षे विभाग २४ होते. अलीकडे मालाडच्या पी/उत्तरमधून पी/पूर्व आणि अंधेरीच्या के/पूर्वमधून के/उत्तर वेगळा काढला, त्यामुळे तिथल्या जुन्या बिलांवरचे अक्षर आता खात्रीचे नाही. स्टेशनच्या नावावरूनही विभाग ओळखता येत नाही. दादर पश्चिमेला जी/उत्तर, तर रूळ ओलांडून हिंदू कॉलनीत गेलात की एफ/उत्तर. धारावी सायनला खेटून आहे, तरी धारावी जी/उत्तरमध्ये आणि सायन एफ/उत्तरमध्ये.

सर्वाधिक हेलपाटे जन्मदाखल्यासाठी पडतात. जन्माची नोंद राहत्या घराच्या विभागात होत नाही, जन्म जिथे झाला त्या विभागात होते. मुलुंडच्या जोडप्याचे बाळ परळच्या रुग्णालयात जन्मले, तर नोंद एफ/दक्षिणमध्ये. मुलुंडच्या टी विभागात शोधून ती सापडणार नाही. नोंदीची मुदत २१ दिवस. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. रुग्णालयाने माहिती वेळेत पाठवली का, हे घरी जातानाच विचारून घ्यावे.

पाण्याची तक्रार तर अचूक लिहिलेलीच हवी. मुंबईत पाणी ठरावीक वेळेपुरते येते. बाकीचा वेळ जलवाहिनीत दाब नसतो, आणि ती गटारालगत कुठे गळत असेल तर त्याच भोकातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणूनच पाणी सुटल्यावर सुरुवातीची काही मिनिटे पाणी गढूळ, वासाचे येते आणि मग निवळते. अशा वेळी गच्चीवरच्या टाकीचे पाणी बाटलीत भरून नेण्याने काही सिद्ध होत नाही. जमिनीखालच्या टाकीत पडण्याआधीच्या नळावर, पाणी सुटताच नमुना घ्यावा. त्याच वेळी शेजारच्या दोन इमारतींतही विचारावे. तिथेही घाण पाणी असेल तर दोष बहुधा मुख्य वाहिनीत आहे. तक्रार विभागाच्या सहायक अभियंता (जलकामे) यांच्याकडे करावी. फक्त आपल्याच इमारतीत असेल तर मुख्य वाहिनीपासून आत येणारी आपली जोडणी गंजलेली असण्याची शक्यता जास्त. ती जोडणी सोसायटीची असते. परवानाधारक प्लंबरकडून ती बदलून घेण्याचा खर्चही सोसायटीचाच. टाकी नमुन्याआधी धुऊ नये, नंतर जरूर धुवावी. तक्रारीत पाणी येण्याची वेळ, घाण किती मिनिटे टिकते आणि गेल्या काही दिवसांत जवळपास कुठे खोदकाम झाले, हे लिहिले तर अभियंत्याला गळती शोधायला खरी मदत होते.

रस्त्यावरच्या दिव्यासाठी आधी वीज कोणाची ते पाहावे. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडला महावितरण. कोणाकडेही जा, खांबावर रंगवलेला क्रमांक विचारतातच. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२च्या अखेरीस एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) महापालिकेकडे आले, तरी त्यांच्यावरच्या खड्ड्यांसाठी लोक अजून जुन्याच दारी जातात. महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन केला तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नये.

दोन मागण्या आहेत. महापालिकेने रस्त्याच्या प्रत्येक नामफलकावर, नावाखालीच, विभागाचे अक्षर ठळक लिहावे. ज्या रस्त्याची मालकी दुसऱ्या यंत्रणेकडे आहे तिथे त्या यंत्रणेचे नाव. फलक रंगवायला काढतातच, तेव्हा दोन अक्षरांचा खर्च तो काय! दुसरी मागणी आपल्या वृत्तपत्राकडे: बातमीत निवडणुकीचा संबंध असेल तर ‘प्रभाग’ आणि क्रमांक छापा, नागरी कामाची बातमी असेल तर ‘विभाग’ आणि अक्षर. पाणीकपातीच्या बातमीत तरी हे उद्यापासून सुरू करा, कारण ती वाचून लोक रात्री टाक्या भरून ठेवतात.

– एक वाचक, दादर (पश्चिम)