खाडीतली गोगलगायही तपासा

संपादक महोदय,

ठाणे खाडीच्या प्रदूषणाच्या बातमीत बहुधा पीएच (पाण्याची आम्लता) आणि बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते) हेच आकडे असतात. भरतीचे पाणी आत आले की हे आकडे बदलतात. शिसे, कॅडमियम, पारा यांचे तसे नसते. ते कुजत नाहीत, चिखलाच्या बारीक कणांना चिकटून वर्षानुवर्षे राहतात.

मी ऐरोलीत दिवा कोळीवाड्याजवळ राहते. माझी नोकरी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून झाली. ओहोटीला तिवरांच्या मुळांशी शंखी गोगलगायी चिखलावरचे शेवाळ खरवडताना दिसतात. मासा पोहून दुसरीकडे जातो, गोगलगाय मात्र त्याच चिखलात जन्म काढते. धातू तिच्या पाचक ग्रंथीत साठत जातात.

तिच्या निळसर रक्ताला तांबे लागतेच, पण ते जास्त झाले की पेशींत घातक मुक्त मूलके, म्हणजे अतिक्रियाशील रेणू, तयार होतात. कॅडमियम वेगळ्या वाटेने छळते. मुक्त मूलकांना आवरणाऱ्या ग्लुटाथायोनलाच ते जखडते. मुक्त मूलके अशी अनावर होणे, हाच ऑक्सिडीकारक ताण. सुरुवातीला हा ताण थोपवणारी कॅटलेजसारखी विकरे (एन्झाइम) वाढतात आणि गोगलगाय तग धरते. मारा चालूच राहिला की तीही कमी पडतात, पेशीपटलातील मेद बिघडतो, डीएनएला इजा होते. बाहेरून शंख धडधाकट दिसतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ही इजा मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही. ऊतीचा अर्क थायोबार्बिट्युरिक आम्लासह उकळत्या पाण्यात तापवला की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितका मेद बिघडलेला. अर्थात उष्णतेने किंवा प्राणवायू घटल्यानेही ताण वाढतो. त्यामुळे त्याच जागेच्या चिखलातले धातूही मोजायला हवेत आणि स्वच्छ खाडीतल्या गोगलगायींशी तुलना व्हायला हवी.

या खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झाली. काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. चिंबोऱ्या या गोगलगायी खातात आणि चिंबोऱ्या आपण खातो. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांना माझी कळकळीची विनंती आहे: ऐरोली, घणसोली, वाशी येथे ठरावीक जागी, पावसाळ्याआधी आणि नंतर, चिखल व गोगलगायी दोन्ही तपासा. निकाल मराठीत कोळीवाड्यांत लावा. नमुने घेताना तिथल्या बायकांना सोबत न्या. कोणत्या चिखलात पूर्वी काय मिळायचे आणि आता काय मिळत नाही, ते त्या जागेवर दाखवतील.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, ऐरोली