एकटेपणा तरुणांचाही

‘ज्येष्ठांचा एकाकीपणा’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. तो पटला, पण एकटेपणा म्हणजे म्हातारपणाचेच दुखणे, हा समज त्यातून पक्का होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्यात किशोरवयीन व तरुणांचे प्रमाण मोठे आहे. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले पाहावीत. दिवसभर अभ्यासिकेत मान खाली, मेसमध्ये मोबाइल बघत जेवण आणि घरच्यांना फोनवर ‘बरं चाललंय’. निकाल हुकला की दिवाळीला गावी जाणेही टाळतात. नैराश्य इथेच मुरते. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर लावावा आणि महापालिकेने या पेठांत समुपदेशक नेमावेत.

– एक वाचक, पुणे