विषय : वडिलांची जुनी कार्डं आणि तीन महिन्यांत वाढलेल्या तीन गोळ्यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

महोदय / महोदया,

ही तक्रार मी तुमच्या ॲपवर दोनदा नोंदवली. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी ‘तक्रारीचं निराकरण झालं आहे’ असा संदेश आला आणि पाठोपाठ किती तारे देता म्हणून विचारणा. म्हणून आता कागदावर, स्पीड पोस्टानं.

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळचा जो दवाखाना तुम्ही गेल्या दिवाळीनंतर चालवायला घेतलात, तिथे आमचं घर बावीस वर्षं जातंय. जुने डॉक्टर वयामुळे थांबले, त्याला कुणाचा इलाज नाही. तुम्ही रंग दिलात, एसी बसवलात, टोकनचं मशीन आणलंत. तळमजल्यावर औषधांचं दुकान काढून दवाखाना वरच्या मजल्यावर नेलात. कंपाउंडर काकांना घरी पाठवलंत. आणि पत्र्याच्या कपाटातली, औषधपाण्याच्या नोंदी असलेली पेशंटची पिवळी कार्डं कुठेतरी हलवलीत. ती कुठे आहेत हे काउंटरवरच्या मुलीला माहीत नाही, मॅनेजरना माहीत नाही आणि हेल्पलाइनवर हिंदीत बोलणाऱ्या गृहस्थांना तर ‘कार्ड’ म्हणजे सभासद कार्डच वाटलं.

माझे वडील, आप्पा, ७३ वर्षांचे आहेत. एसटीत पंचवटी डेपोला कंडक्टर होते. १९ जुलैला पहाटे ते बाथरूमला उठले आणि दारातच कोसळले. मी उचललं तेव्हा त्यांनी मला माझ्या काकांच्या नावानं हाक मारली आणि ‘गाडी लागली का’ म्हणून विचारलं. मुंबई नाक्याजवळच्या रुग्णालयात नेलं. रक्तात सोडियम १२१ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. इतकं उतरलं की माणूस बरळतो, तोल जातो, झटकेही येऊ शकतात. शिवाय ते एकदम वर आणता येत नाही, घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून हळूहळू चढवावं लागतं. चार दिवस गेले, त्यातले दोन आयसीयूत. बिल ४६,२०० रुपये.

मी अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गिऱ्हाइकाकडून माल रिजेक्ट होऊन आला की उत्तर लिहायचं काम माझ्याकडे असतं. तिथे ‘कामगाराची चूक’ असं लिहून सुटका होत नाही, गिऱ्हाईक कागद परत पाठवतं. ‘का’ विचारत विचारत खाली जावं लागतं. आप्पांच्या बाबतीत मी तेच केलं.

सोडियम उतरलं ते क्लोर्थॅलिडोनमुळे. ही लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. म्हाताऱ्या माणसांत तिनं सोडियम उतरतं ही डॉक्टरमंडळींना नवी गोष्ट नाही. म्हणून सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्त तपासायचं असतं. ते कुणी लिहून दिलं नाही. मग गोळी का दिली? तर मे महिन्यात आप्पांचे पाय घोट्यापाशी सुजले होते. पाय का सुजले? तर एप्रिलमध्ये तुमच्या तिघांपैकी पहिल्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ ही प्रेशरची गोळी सुरू केली होती. त्या गोळीनं बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्यामुळे नसते, त्यामुळे पाणी काढणारी गोळी तिथे फारसं काही करत नाही. इलाज असतो ॲम्लोडिपिन कमी करणं किंवा बदलणं. जुलैच्या सुरुवातीला चक्कर येऊ लागली तेव्हा तिसऱ्या डॉक्टरांनी व्हर्टिगो म्हणून आणखी एक गोळी जोडली. म्हणजे पहिल्या गोळीचा त्रास म्हणून दुसरी, दुसरीचा त्रास म्हणून तिसरी. तीन डॉक्टर, आणि आधीच्यानं काय दिलं व का दिलं हे एकालाही समोर दिसत नव्हतं, किंवा दिसत असून बघायला वेळ नव्हता. आप्पा म्हणतात टोकन पुकारल्यापासून बाहेर येईपर्यंत चार मिनिटं. त्यांनी हातातल्या घड्याळावर मोजलं आहे आणि आयुष्यभर गाडीच्या वेळा लिहिलेल्या माणसाच्या मोजण्यावर माझा विश्वास आहे.

आता राहिली ॲम्लोडिपिन. हीच गोळी जुन्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये दिली होती, तेव्हाही पाय सुजले होते आणि त्यांनी ती बंद करून टेल्मिसार्टन ४० या प्रेशरच्याच दुसऱ्या गोळीवर आणलं होतं. कार्डाच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘ॲम्लो नको, पाय सुजतात’. मला ते पाठ आहे, कारण कार्ड हातात धरून बाकावर बसायचं काम माझं असायचं. एप्रिलमध्ये मी पहिल्या पाळीत होतो, आप्पा एकटे गेले. दिलेली गोळी निमूट घेणारे ते आहेत, आणि ‘ही नको’ म्हणायला गोळीचं नाव तरी कुठे लक्षात राहतं?

त्याच्याही खाली एक ‘का’ आहे. ॲम्लोडिपिन मुळात जोडली ती त्या दिवशी प्रेशर १५४/९४ आलं म्हणून. ते मोजलं कसं? जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पट्टा बांधून, मोबाईल नंबर विचारत विचारत. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीला टेकलेला आणि बोलायचं नाही, हे जुने कंपाउंडर काका कुणी न सांगता करायचे. आप्पा चहा पिऊन आले असले तर ‘अर्धा तास बसा’ म्हणून बाहेर पिटाळायचे. घरी मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं, नुसत्या टेल्मिसार्टनवर वरचा आकडा १३० ते १३६ च्या आत आहे.

तुमच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. तिघंही तरुण होते, नीट बोलले. पण आमच्याकडे दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर लॉगबुक वाचल्याशिवाय मशीनला हात लावत नाही, आणि ते मशीन बिघडलं तर फार तर शंभर नग भंगारात जातात.

वार्षिक कुटुंब योजनेचे ७,४९९ रुपये तुम्ही जानेवारीत घेतलेत. ‘७४ तपासण्या मोफत’. त्यातला हिमोग्राम एकच, पण त्यातला प्रत्येक आकडा वेगळी तपासणी म्हणून मोजला आहे. जानेवारीच्या त्या तपासण्यांत सोडियम १३८ होतं. गरज होती ती जूनमध्ये, साध्या एका तपासणीची, जी योजनेत ‘वर्षातून एकदाच’ बसते.

सगळं सापडलं ते आप्पांमुळे. नोकरीतली जुनी तिकिटांची पेटी त्यांनी जपून ठेवली आहे, त्यात प्रत्येक चिठ्ठी आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटं तारखेनुसार लावलेली असतात. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत’ हाच विचारला आणि मी पेटीच पुढे केली. तीनही गोळ्या त्याच सकाळी बंद झाल्या.

तुमच्या विभागातून आलेल्या एकुलत्या एका फोनवर ‘थोडा गैरसमज झालाय’ असं सांगण्यात आलं. गैरसमज नेमका कुणाचा, ते लेखी कळवा.

पिवळ्या कार्डांची पूर्ण प्रत मला हवी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. हे पत्र म्हणजे ती मागणी समजा. कार्डं हरवली असतील तर तसं लिहून द्या, कारण त्या कपाटात आमच्या एकट्याचं कार्ड नव्हतं, निम्म्या सिडकोचं होतं. योजनेचे पैसे पूर्ण परत करा आणि रुग्णालयाच्या बिलाचं काय करणार ते कळवा. दवाखान्यात आठवड्यातले निदान ठरावीक तीन दिवस एकच डॉक्टर बसवा. आणि प्रेशर मोजण्याआधी बसायला एक खुर्ची ठेवा, तिला कुठल्या मंजुरीची गरज लागू नये.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगून ठेवलं आहे, तेव्हा ‘आम्ही दुकान नाही’ हे उत्तर पाठवू नये.

आप्पा आता बरे आहेत. काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. कार्डांची प्रत न्यायला मी स्वतः येईन, त्यांना तो जिना पुन्हा चढायला लावणार नाही.

आपला,
एक सभासद, सिडको, नाशिक
(नाव व सभासद क्रमांक पाकिटावर)

सोबत : तीन चिठ्ठ्या, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, बिल व घरी मोजलेल्या प्रेशरची वही यांच्या झेरॉक्स