आमच्या मनोऱ्याचे ठोकळे करून देणाऱ्या मेस्तकाकांना

फोंडा, गोवा

आदरणीय मेस्तकाका,

स. न. वि. वि.

गणेशचवथीच्या तोंडावर, माटोळ्यांची (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटींची) आणि चौरंगांची कामे अंगावर असताना तुम्ही आमचे ठोकळे करून दिलेत, त्याबद्दल हे पत्र. मापे तुमचीच आहेत, ती तुम्हाला परत सांगण्यात तसा अर्थ नाही. पण पत्र उघडे आहे. म्हापशात किंवा मडगावात कोणी असा संच करून घ्यायला निघाला तर त्याच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, दाखवता यावे, म्हणून तीही लिहितो. तुम्हाला सांगायचे आहे ते वेगळे: या ठोकळ्यांचे पुढे काय होते, म्हणजे त्यांच्यावर आम्ही कुठला खेळ खेळतो.

खेळ असा आहे. तारकांच्या मध्ये कुठेतरी एक यान अडकले आहे. इंजिन बंद, सहकारी गेलेले, एकटा अभियंता उरलेला. ज्या प्राण्याने बाकीच्यांना मारले त्याला त्याने कसाबसा बाहेर ढकलला, पण तो मेला नाही. कवचाला चिकटून आत यायची वाट शोधतो आहे. खेळणारा म्हणजे तो अभियंता. एकट्याने खेळायचा 'द रेचेड' नावाचा असा खेळ २०२० साली आला. आमचा मराठी संच त्याच सांगाड्यावर उभा आहे, पत्त्यांवरचा मजकूर तेवढा आमचा. गोष्टीतला धोका ठोकळ्यांच्या मनोऱ्यावर तोलायची युक्ती त्याच्याही आधीची, २००५ च्या 'ड्रेड'ची. तो मात्र चौघा-पाचजणांनी मिळून खेळायचा.

लागते काय, तर ५२ पत्त्यांचा जोड (जोकर बाजूला), एक फासा, १० चिंचोके, आवाज टिपायला फोन आणि तुमच्या ठोकळ्यांचा, तीन-तीनांचे आडवे-उभे थर रचलेला मनोरा. एक फेरी म्हणजे यानावरचा एक दिवस. फासा टाकायचा, जितके पडेल तितके पत्ते ओढायचे आणि एकेक उलटून वाचायचे. बदाम म्हणजे यानाची यंत्रे, चौकट म्हणजे यानाचा सांगाडा, किलवर म्हणजे गेलेले सहकारी, इस्पिक म्हणजे बाहेरचा तो. नमुन्याला चौकट सत्ता: "मालखोलीच्या दाराची रबरी पट्टी सुकून चिरली आहे. हवा नेमकी कुठून जाते ते तुम्ही कशाने शोधता? एक ठोकळा काढा." आणि किलवर राणी: "मेलेल्या स्वयंपाकिणीच्या खणात एक डबा सापडतो. आत काय आहे, आणि तुम्ही ते खाता का?" हिच्यावर ठोकळा नाही. पत्ते संपले की फोन सुरू करून त्या दिवसाची नोंद बोलायची, दोन-तीन मिनिटे, अभियंत्याच्या तोंडून.

पत्ता लिहिताना आमचे एकच पथ्य: प्रसंग सांगायचा, उत्तर नाही. "तुम्ही घाबरता" असे छापले की खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही. नुसत्या भीतीचे पत्तेही चालत नाहीत. लागोपाठ तीन इस्पिकांनंतर माणूस बधिर होतो, म्हणून स्वयंपाकिणीचा डबा लागतो. आणि एखादा पत्ता खेळणाऱ्याला नकोसा वाटला तर काही न विचारता बाजूला ठेवून दुसरा ओढायचा.

आता हिशेब. चारही राजे निघाले की प्राणी आत आला, खेळ संपला. नीट पिसलेल्या जोडात चौथा राजा सरासरीने ४२ व्या पत्त्याच्या आसपास येतो आणि एका फाशाला दिवसाला सरासरी साडेतीन पत्ते निघतात. म्हणजे अभियंत्याच्या हातात जेमतेम १२ दिवस. सुटकेची वाट एकच: बदाम एक्का निघाला की संकटाचा संदेश सुटतो. त्या पत्त्यावर १० चिंचोके ठेवायचे, रोज एक फासा टाकायचा, सहा पडले तर एक चिंचोका उचलायचा. सगळे उचलले गेले की मदत पोचली. दर सहा दिवसांत एक चिंचोका, म्हणजे दहांना सरासरी ६० दिवस. हातात १२, लागतात ६०, आणि एक्का कितव्या दिवशी निघेल त्याचाही नेम नाही. यान जाणारच, ते नियमांतच लिहिलेले आहे. ज्यांना हे फार कठोर वाटते ते ३ चिंचोक्यांनी खेळतात, मग क्वचित कोणी घरी पोचतो. आमच्या मते १० च बरे. वाचण्याची आशा जवळजवळ नाही हे माहीत असलेला माणूस नोंदीत खरे बोलायला लागतो.

पण पत्ते नुसती मुदत सांगतात. यान त्याच्या आत कधी फुटेल ते तुमचे लाकूड ठरवते. आमच्या ५२ पैकी २६ पत्त्यांवर "ठोकळा काढा" आहे, म्हणजे ४२ पत्त्यांत साधारण २१ ठोकळे. काढलेला ठोकळा आम्ही परत वर ठेवत नाही. १८ थरांतून प्रत्येकी कडेचे दोन काढले तरी कागदावर ३६ निघू शकतात. पण थरात मधला एकच ठोकळा उरला की वरचा सगळा भार २५ मिमी रुंदीच्या पट्टीवर तोललेला असतो. भाराचा मध्य साडेबारा मिमी एका बाजूला सरकला की संपले. मनोरा पडला की अभियंता त्याच क्षणी मेला, नोंद अर्धवट असली तरी. अर्धवट वाक्यावर थांबलेल्या नोंदी सगळ्यात चांगल्या, असे आमच्यातल्या बहुतेकांचे मत आहे.

म्हणून तुमच्या रंध्याचे मोल. ठोकळा ७५ × २५ × १५ मिमी, एकूण ५४, थरात ३, उंची २७० मिमी. लांबी रुंदीच्या तिप्पट हवी, नाहीतर आडवे-उभे थर एकमेकांवर चौरस बसत नाहीत. जाडी मात्र सगळ्यांची अगदी सारखी असून चालत नाही, आणि नेमके हेच बाजारातले स्वस्त संच चुकतात. सगळे सारखे जाड असतील तर थरातले तिन्ही ठोकळे भार वाटून घेतात, एकही सैल नसतो आणि पहिल्याच ओढीला मनोरा हलतो. फरक एक मिमीचा झाला तर उलटे: जाड ठोकळा एकटाच भार घेतो, बाकीचे नुसते फुंकरीने निघतील असे सैल, आणि मनोरा पहिल्यापासून वाकडा. चांगला फरक ०.१ ते ०.२ मिमीचा. बोटाने टिचकी मारली की कुठला सैल, कुठला भाराखाली, ते कळते पण दिसत नाही. आणखी एक गंमत: तळच्या थरात एका कडेचा ठोकळा दुसऱ्या कडेच्यापेक्षा ०.३ मिमी जाड असला की शेंडा साधारण दीड मिमी कलतो. म्हणून रचताना तळचे दोन थर आम्ही व्हर्नियरने (मिमीचा दहावा भागही दाखवणाऱ्या मापणीने) मापून सारख्या जाडीचे निवडतो आणि बाकी डोळे मिटून.

हा फरक तुम्ही ज्या पद्धतीने आणलात ती आम्हाला कुठल्या नियमपुस्तकात सापडली नव्हती. एक-एक मीटरच्या पाच पट्ट्या. ७५ चा ठोकळा आणि करवतीची ३ मिमी वाट धरून एका पट्टीत १२ बसतात, पाचांत ६०, म्हणजे ५४ आणि सहा जादा. त्यातल्या दोन पट्ट्या पुऱ्या १५ वर ठेवल्यात, दोघींवर रंध्याचा एक हात जास्त, एकीवर दोन. एका हाताला साधारण ०.१ मिमी निघते, झाले तीन जाडीचे ठोकळे. फक्त रचण्याआधी ते पत्त्यांसारखे मिसळावे लागतात. एका पट्टीचे ठोकळे एकाच ठिकाणी रचले गेले तर तिथे सगळे घट्ट. चौपन्न ठोकळ्यांचा मनोऱ्याचा मूळ खेळ, जेंगा, लेस्ली स्कॉट यांनी १९८३ साली लंडनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडला. त्यांच्या घरचे मूळचे ठोकळे घानातल्या ताकोराडीच्या लाकूडगिरणीतले होते. मूळ बैठक मेस्ताच्याच कामाची आहे.

दुसरे म्हणजे लांबी कापतानाची ती खाच. एकाच लांबीचे साठ तुकडे कापायला टोकाशी अडण ठोकतात हे कोणीही करेल. पण दहा-बारा काप झाले की अडणीशी भुसा साचतो, पट्टी पूर्ण टेकत नाही आणि पुढचे तुकडे अर्धा मिमी आखूड निघतात. तुम्ही अडणीच्या खालच्या कडेला बारीक खाच मारलीत, भुसा तिच्यात जातो. आमचे साठही तुकडे सारखे आहेत.

लाकूड जुन्या घराच्या वाशांचा साग, आतल्या गाभ्याचा. बाहेरचा पांढरा भाग तुम्ही काढून टाकलात. भुंगा लागतो तो त्यालाच. जुन्या लाकडात तुटके खिळे दडलेले असतात, म्हणून करवत लावण्याआधी चुंबक फिरवणे जरुरीचे. एक ठोकळा साधारण १८ ग्रॅमचा, सगळा मनोरा एक किलोच्या आत-बाहेर. यापेक्षा हलके लाकूड घेतले तर ठोकळा ओढताना शेजारचेही सोबत येतात. १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, कडा जेमतेम अर्धा मिमी मारलेल्या, आणि वर काहीही नाही. पॉलिश नको असे तुम्ही सांगितलेत ते फार बरे झाले. दमट हवेत पॉलिशचे ठोकळे एकमेकांना धरून बसतात, आणि मेण किंवा पावडर लावली तर वरचे थर नुसत्या धक्क्याने घसरतात.

पावसाळ्याचे सांगायलाच हवे. जुलैत आपल्याकडे लाकूड फुगते, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत फुगते. २५ मिमीला साधारण पाव मिमी, तीन ठोकळ्यांच्या थराला पाऊण. म्हणजे थर पाऊणशे मिमीच्या चौकोनाबाहेर डोकावतो. पेटी आतून नेमकी ७५.५ ची असती तर पावसात तीत मनोरा अडकला असता. तुम्ही ७७.५ ठेवलीत. तीन भिंतींची ती पेटीच आम्ही रचायच्या साच्यासारखी वापरतो: आडवी करून थर भरायचे, उभी करायची, आणि मागे ओढून घ्यायची. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले की ठोकळे महिनाभर ठीक राहतात. पुड्या मधूनमधून तव्यावर मंद आचेवर गरम करून घ्यायच्या. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसायची. कडक उन्हात मात्र टाकायचे नाहीत, एका अंगाने सुकून ठोकळा वाकतो.

खेळायला प्लॅस्टिकचे टेबल उपयोगाचे नाही, कोपर टेकले की डुलते. जमिनीवर कडाप्प्याची लादी सगळ्यात उत्तम. पंखा बंद. जूनमध्ये वीज जाते तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो.

आता एक मागणी. चौघांनी मिळून खेळायचा दुसरा संच आम्ही लिहीत आहोत, त्यात काढलेला ठोकळा परत शेंड्यावर ठेवायचा आहे. त्याने उंची वाढत जाते, भाराचा मध्य वर सरकतो आणि हात चार असल्यामुळे ठोकळे जास्त घासले जातात. त्यासाठी आणखी ६० ठोकळे हवेत, मापे तीच, पण फणसाचे चालतील का ते तुम्हीच सांगा. शेंड्यावर ठेवलेले ठोकळे उजेडात वेगळे ओळखू यावेत एवढ्यासाठी पिवळा रंग हवा होता. कडा या वेळी थोड्या जास्त मारा, पाऊण मिमी. चवथ झाल्यावर, हातातली कामे उरकली की करा. मागच्या वेळी लाकडाचे पैसे तुम्ही धरलेच नाहीत, या वेळी ते हिशेबात धरा.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
मनोऱ्याचे फोंड्यातले खेळगडी